चाळिशीच्या आसपास कराटे किंवा जुडो सुरू करताना: क्रम असा ठेवा

मुलीला कराटेच्या क्लासला सोडायचं, तासभर बाहेरच्या कट्ट्यावर मोबाइल चाळत बसायचं आणि मधूनच हॉलमध्ये डोकावून 'आपल्यालाही जमेल का हे?' असं मनात म्हणायचं. कितीतरी आईवडिलांची संध्याकाळ अशी जाते. त्यातले काही जण कधीतरी क्लास लावतातही, पण महिन्याभरात घरी बसतात. घरी बसण्याची कारणं ऐकली की एक गोष्ट लक्षात येते. धीर बहुतेकांकडे असतो, गडबड क्रमात होते. आधी 'दहा किलो कमी करतो, मग जातो' म्हणून वर्ष घालवायचं. मग एका सोमवारी अचानक उत्साह येऊन वर्षाची फी भरायची, त्याच दिवशी गणवेश घ्यायचा, पहिल्याच आठवड्यात पाच दिवस जायचं, दुसऱ्या आठवड्यात मांडीचा स्नायू धरायचा आणि 'आपलं वय नाही राहिलं' असा निकाल लावायचा.

हा लेख कराटे आणि जुडो या दोघांपुरता आहे, कारण आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत हेच क्लास सहसा सापडतात. तायक्वांदो किंवा बॉक्सिंग शिकायचं असलं तरी बहुतेक टप्पे हेच.

## टप्पा १: भीती कागदावर उतरवा

मनातला संकोच एकसंध वाटतो, पण तो सहा-सात वेगळ्या भीतींचा गठ्ठा असतो. गठ्ठा सोडा. कागदावर सगळं लिहा: गुडघा दुखतो, पोट सुटलंय, बॅचमध्ये सगळी पोरंच असतील, सर माझ्यापेक्षा लहान आहेत, लोक हसतील, हात मोडला तर ऑफिसचं काय, पुरुष शिकवणार तर अंगाला हात लागेल.

आता प्रत्येकापुढे लिहा की हे कुठे तपासता येईल. गुडघा डॉक्टरकडे. पोरंच असतील का, हात लागेल का, हे बघायला गेल्यावर. ऑफिसची काळजी टप्पा ९ मध्ये, कारण जोरदार सराव तोपर्यंत करायचाच नाही. 'लोक हसतील' एवढं एकच शेवटी उरतं, आणि ते घरी बसून तपासता येत नाही. ते उरू द्या. तेवढं एक ओझं घेऊन क्लासला जाता येतं, सातही घेऊन जाता येत नाही.

बाराएक वर्षांचा, तपकिरी म्हणजे ब्लॅकच्या अलीकडच्या बेल्टचा मुलगा येऊन 'काका, डावा पाय पुढे' असं सांगेल, ही भीती मात्र खरी ठरणार आहे. तो सांगेलच, आणि बहुतेकदा त्याचं बरोबरच असेल. तेव्हा 'परत एकदा दाखव बरं' एवढंच म्हणायचं. वयाने मोठं असल्यामुळे सारवासारव करायला गेलात की मुलगा गप्प होतो आणि तुमचा पाय उजवाच पुढे राहतो.

घरच्यांचा प्रश्न वेगळा. 'या वयात हातपाय मोडून घ्यायचेत का?' याला वाद घालून उत्तर देऊ नका. डॉक्टरांशी बोलणं झालंय, आठवड्यातले दोनच दिवस, मारामारीचा सराव इतक्यात नाही, असं सांगा. हे सांगता येण्यासाठी पुढचा टप्पा आधी उरकावा लागतो.

## टप्पा २: शरीराची हजेरी घ्या

क्लास शोधण्याच्या आधी डॉक्टर. बरेच जण हे उलटं करतात. फी भरून झाली की डॉक्टरकडे जावंसं वाटत नाही, 'नको' म्हणाले तर पैसे बुडतील म्हणून.

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर न विचारता सुरुवात करू नका: चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखणं, चक्कर येणं, रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं, रक्त पातळ करणारी गोळी, हर्निया, पाठीच्या मणक्याचा जुना त्रास, खांदा निखळल्याचा इतिहास, गुडघ्याची शस्त्रक्रिया, डोळ्याच्या पडद्याचा आजार, गरोदरपण. यातलं काहीच नसेल आणि वय चाळिशीपुढे असून बैठं काम असेल, तरी एकदा रक्तदाब आणि साखर बघून घ्यावी.

डॉक्टरांना 'व्यायाम चालू करू का?' असं विचारू नका. कोणीही 'करा की' म्हणेल. नेमकं विचारा: 'जमिनीवर पडायचा सराव असेल, पायाने मारायचं असेल, जोडीदार धरून ओढेल. चालेल का? काय टाळू?'

मग घरी तीन गोष्टी करून बघा. अर्धा तास भरभर चाला, त्या वेळात पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. उकिडवं बसून, हवं तर हाताचा आधार घेऊन, उभे राहा. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहा, दोन्ही पायांवर.

तपासा: यातलं एखादं जमलं नाही म्हणून थांबायचं नाही. जमलं नाही ते लिहून ठेवा, पहिल्या दिवशी सरांना सांगायचं आहे. वज्रासनात बसल्यावर गुडघा दुखतो का, हेही बघा. कराटे-जुडोत सुरुवातीला आणि शेवटी तसंच बसतात. दुखत असेल तर मांडी घालून बसण्याची परवानगी मागायची. समंजस शिक्षक नाही म्हणत नाहीत.

## टप्पा ३: कला निवडा, पण यात महिना घालवू नका

'कुठली कला सर्वांत भारी?' या प्रश्नावर रात्र-रात्र व्हिडिओ बघणं हा क्लास न लावण्याचा सगळ्यांत सोयीचा मार्ग आहे. एका संध्याकाळी निर्णय घ्या.

कराटेत शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू अशा शाखा आहेत. सुरुवातीचे महिने सगळीकडे साधारण सारखेच: किहोन म्हणजे मूळ हालचाली, काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची साखळी, आणि बरंच पुढे कुमिते, म्हणजे समोरासमोरचा सराव. सुरुवातीला बहुतेक काम एकट्याने, हवेत. अंगाला अंग लागत नाही, म्हणून संकोची माणसाला सोपं जातं. क्योकुशिन ही शाखा वेगळी, तिथे अंगावर पूर्ण जोराने मारतात. बोर्डावर हे नाव असेल तर विचारून मगच जा.

जुडोत पडायचा सराव झाला की जोडीदार लागतोच. तो तुमची कॉलर आणि बाही धरणार, तुम्ही त्याची धरणार, आणि कोणीतरी खाली पडणार. जुडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही जुडोची शाळा सुरू केली, तेव्हापासून सुरक्षित पडणं हा या कलेचा पाया आहे. हे पडायचं शिक्षण साठीनंतर बाथरूममध्येही कामाला येईल. पण त्यासाठी मॅट चांगली हवी आणि मोठ्या वयाचे जोडीदार हवेत. यातलं एक जरी नसलं तर जुडो नको.

माझं मत विचाराल तर: गुडघे-पाठ कुरकुरत असतील, अंगलटीचा संकोच असेल तर कराटे. सांधे ठीक असतील आणि मोठ्यांची बॅच असेल तर जुडो. दोन्ही जवळपास नसेल, तर जी कला घरापासून वीस मिनिटांच्या आत मिळते ती. तासभर लोकल बदलून जायचा सर्वोत्तम क्लास पहिल्या पावसात सुटतो.

इशारा: 'स्वसंरक्षणासाठी' शिकत असाल तर एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. तीन-चार महिन्यांत रस्त्यावर कोणाला आवरण्याची ताकद येत नाही. तोल येतो, दम येतो, आवाज मोकळा होतो. तेवढंच धरून चाला.

## टप्पा ४: फोन करा आणि बघायला जा

फोनवर लाज वाटते म्हणून लोक व्हॉट्सअॅपवर 'फी किती?' एवढंच विचारतात आणि उत्तर वाचून गप्प बसतात. फोनच करा. वाक्य तयार ठेवा:

'नमस्कार सर, माझं वय ४१. आधी कधी शिकलेलो नाही. मोठ्यांची वेगळी बॅच आहे का? एक दिवस नुसतं बसून बघितलं तर चालेल का?'

पलीकडून बहुधा 'या की, वयाचं काही नसतं हो' असं उत्तर येईल. ऐकायला बरं वाटतं, पण त्यावर थांबू नका. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: 'पस्तिशीच्या पुढचे किती जण आहेत आणि त्यातले वर्षभर टिकलेले किती?' दोन जण टिकलेत असं उत्तर आलं तरी पुरे. एकही नाही म्हणाले तर तिथे तुमच्यावरच प्रयोग होणार.

आपल्याकडे बरेच क्लास शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर किंवा महापालिकेच्या मैदानावर चालतात, आणि 'मोठ्यांची बॅच' म्हणजे मुलांच्या बॅचमध्ये मागे उभे असलेले दोन मोठे, असं असू शकतं. त्यात गैर काही नाही, पण ते आधी माहीत हवं.

बघायला गेल्यावर लाथा किती उंच जातात ते बघू नका. या गोष्टी बघा:

- सर्वांत नवीन माणसाकडे कोण लक्ष देतंय? त्याला कोपऱ्यात सोडलंय का?
- कोणी धापा टाकत थांबलं तर त्याला पाणी प्यायला देतात की टोमणा मारतात?
- शिक्षक चूक सुधारताना आधी विचारतात की थेट हात लावतात? छडी आहे का?
- प्रथमोपचाराची पेटी दिसते का? कोणाला लागलं तर सराव थांबतो का?
- बायकांसाठी कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का? वरच्या बेल्टची एखादी बाई आहे का?

आणि जमीन. कराटेला गुळगुळीत लादी किंवा लाकडी जमीन चालते, फक्त ओली नको. जुडोला मॅट हवीच, आणि तीही एकमेकांना घट्ट बसलेली. शेजारच्या दोन मॅटच्या फटीवर अंगठा दाबून बघा. अंगठा आत जात असेल तर एक दिवस तिथे पायाचं बोट अडकणार आणि वरचं शरीर वळणार. शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून फेकाफेकी चालू असेल तर नमस्कार करा आणि निघा.

इशारा: पुढील गोष्टी ऐकू आल्या तर फी भरू नका. 'एका वर्षात ब्लॅक बेल्ट.' 'वर्षाची फी आत्ताच भरली तर सवलत.' 'पालकांना, पाहुण्यांना आत बसू देत नाही.' 'पहिल्या आठवड्यापासून फाइट.' एका महिन्याचीच फी भरा. सवलत गेली तर जाऊ द्या.

## टप्पा ५: मधले तीन आठवडे

क्लासची तारीख तीन आठवड्यांनंतरची ठरवा आणि सरांना सांगून टाका. तारीख न ठरवता 'तयारी' सुरू केली की ती संपतच नाही.

या काळात वजन कमी करायचं नाही. फक्त शरीराला जमिनीची सवय करायची आहे. रोज पंधरा मिनिटं पुरतात: भरभर चालणं किंवा जिना, खुर्चीवर बसून उठणं दहा-दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर, घोट्याची आणि कमरेची गोल हालचाल, आणि जमिनीवर बसून उठणं. टीव्ही बघताना सोफ्याऐवजी खाली बसलात तरी यातलं निम्मं काम होतं.

तीन चुका इथे नेहमी होतात. एक, थंड अंगाने स्प्लिटचा, म्हणजे पाय पूर्ण फाकवायचा, ताण देत बसणं. ताण धरून ठेवायचा तो अंग गरम झाल्यावर, शेवटी. सुरुवातीला हलत्या हालचाली. दुसरी, व्हिडिओ बघून लाथांचा सराव. चुकीची सवय लागली की ती सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. तिसरी, घरच्या गादीवर पडून बघणं. गादी मऊ असते, पलंगाची कड नसते.

## टप्पा ६: कपडे आणि पिशवी

पहिल्या महिन्यात गणवेश घेऊ नका. साधा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. पँटला चेन किंवा बाहेरचे खिसे नकोत, जोडीदाराची बोटं त्यात अडकतात. जुडोला टी-शर्ट ताणून फाटतो, तिथे क्लासकडे जुना जॅकेट मिळतो का ते विचारा.

अंगावरचं सगळं काढा: घड्याळ, अंगठी, कडं, कानातलं, मंगळसूत्र, बांगड्या. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी साबण लावून काढून ठेवा, क्लासच्या दारात ओढाताण करू नका. काढायचीच नसतील तर निदान पट्टीने गुंडाळा आणि सरांना सांगा. हातापायाची नखं कापलेली हवीत. चष्म्याशिवाय दिसत नसेल तर तेही सांगून ठेवा.

पिशवीत पाण्याची बाटली, छोटा टॉवेल, बदलायला टी-शर्ट, हॉलच्या दारापर्यंत घालायच्या चपला. अनवाणी सराव असतो, म्हणून मॅटवरून शौचालयात आणि शौचालयातून मॅटवर अनवाणी जाणं हा सगळ्यांत घाणेरडा प्रकार. गजकर्ण असाच पसरतो, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत तो महिनोन्महिने जात नाही. क्लासहून घरी आल्यावर लगेच अंघोळ करा, कपडे त्याच रात्री धुवा. गोल, खाजणारा चट्टा दिसला तर मेडिकलमधून 'खाजेचं मलम' आणून लावू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, चट्टा दबतो आणि मग जोरात फिरून येतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर मॅटपासून लांब राहा.

गणवेश नंतर घ्याल तेव्हाचे दोन नियम इथेच सांगून ठेवतो. नवा सुती गी, म्हणजे हा गणवेश, धुतल्यावर आटतो, म्हणून अंगाबरोबर मापाचा घेऊ नका. आणि डावी बाजू उजवीच्या वर येऊ द्या. जपानमध्ये उजवी बाजू वर घेऊन कपडा नेसवतात तो मृताला.

## टप्पा ७: पहिला दिवस

संध्याकाळी सातचा क्लास असेल तर पाच-साडेपाचला पोहे किंवा केळं. ऑफिसमधून उपाशी जाऊन चक्कर येणारे असतात, आणि समोसा खाऊन जाऊन उलटी करणारेही.

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. सरांना बाजूला घेऊन तीनच गोष्टी सांगा: काय दुखतं, कोणतं औषध चालू आहे, आज किती वेळ थांबणार. सगळ्यांसमोर ओरडून नाही, पण लपवूनही नाही. सर पंचविशीचे असले तरी क्लासमध्ये ते 'सर' किंवा 'सेन्सेई'. ते तुम्हाला 'काका' म्हणतील की 'दादा', ते त्यांच्यावर सोडा.

रांगेत शेवटच्या टोकाला उभे राहा. वाकून नमस्कार करायचा असतो. तो जोडीदाराला आणि जागेला दिलेला मान आहे, पूजा नाही. 'ओस' हा कराटेतला अभिवादनाचा, होकाराचा शब्द. तो म्हणायला लाज वाटत असेल तर पहिल्या दिवशी पुटपुटा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप आवाज येतो.

वॉर्म-अपमध्ये पोरं हॉलला चकरा मारतील. त्यांच्याबरोबर पळू नका. पहिल्या दिवशी जायबंदी होणारे बरेच जण याच दहा मिनिटांत होतात, पोटरीत चमक निघून. कडेने भरभर चाला. दम लागला की हात वर करून 'सर, थांबतो' म्हणा आणि थांबा. न सांगता थांबून भिंतीला टेकलात तर सरांना कळत नाही की तुम्ही दमलात की तुम्हाला काही होतंय.

तपासा: चाळीस मिनिटांनी स्वतःला विचारा की बोलता येतंय का. वाक्य तुटत असेल तर बाकीचा वेळ बसून बघा. पहिल्या दिवशी बसून बघणं कमीपणाचं नाही, पुढच्या वेळच्या हालचाली आधीच डोळ्यांखालून जातात.

## टप्पा ८: पडणं, मूठ, उभं राहणं

जुडो लावला असेल तर पहिले काही आठवडे उकेमी, म्हणजे पडायचा सराव. याचा क्रम बदलायचा नाही: आधी पाठीवर झोपून हात आपटणं, मग बसून मागे लोळणं, मग उकिडवं बसून, शेवटी उभं राहून. हनुवटी छातीला, नजर बेल्टच्या गाठीवर, पाठ गोल, तोंडाने श्वास बाहेर. हात अंगापासून तिरपे, तळवे खाली, मॅटवर एकदम आपटायचे. डोकं मॅटला लागता कामा नये.

सगळे एकच चूक करतात: पडताना तळहात मागे टेकवणं. पूर्ण वजन मनगटावर येतं आणि मनगट मोडतं. ही सवय जन्मापासूनची असते, म्हणून ती मोडायला वेळ द्या. उकिडवं बसून मागे जाताना एकदाही हात मागे जात नाही, असं झाल्याशिवाय उभ्याने पडू नका. सरांनी सांगितलं तरी 'अजून एक आठवडा बसूनच करतो सर' म्हणा.

कराटे असेल तर मूठ बघा. चार बोटं घट्ट मिटलेली, अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर आडवा. अंगठा मुठीत कोंबला तर तोच मोडतो. मनगट सरळ, मार पहिल्या दोन सांध्यांचा. हवेत पंच मारताना कोपर शेवटी खाडकन सरळ करू नका. समोर काही नसल्यामुळे सगळा झटका कोपरातच राहतो आणि दोन आठवड्यांनी चहाचा कप उचलताना कळ येते.

उभं राहताना पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच हवा, आत झुकता कामा नये. समोरच्या लाथेत बोटं मागे ओढून चवड्याने मारायचं. गोल फिरवून मारायच्या लाथेत, म्हणजे मावाशी-गेरीत, जमिनीवरच्या पायाची टाच वळली पाहिजे. टाच जागेवर चिकटून राहिली आणि कंबर फिरली तर पीळ गुडघ्याला बसतो. पहिले सहा महिने लाथ कमरेच्या वर नेऊ नका. शेजारची सातवीतली मुलगी कानापर्यंत नेते, तिला नेऊ द्या.

## टप्पा ९: पहिले दोन महिने, आणि सामना

आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. उत्साह ओसंडत असला तरी तिसरा दिवस नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायुबंध सावकाश घट्ट होतात, आणि दुखापत त्या मधल्या काळातच होते, जेव्हा 'आता जमतंय' असं वाटायला लागतं.

क्लासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. दोन्ही बाजूंना सारखं, दाबलं तर दुखतं, हालचाल केली की सैल होतं. ते चालायचंच. एकाच बाजूला, सांध्यात, टोचल्यासारखं, सूज आलेली, हालचालीने वाढणारं दुखणं वेगळं. तिथे पुढचा क्लास चुकवा आणि दाखवून घ्या. डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं किंवा क्षणभर काही आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरायचं नाही, घरी एकट्याने गाडी चालवत जायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

समोरासमोरचा सराव, जुडोत रांदोरी आणि कराटेत कुमिते, सर म्हणतील तेव्हा आणि तुम्हाला पटेल तेव्हा. दोन्ही अटी हव्यात. पहिला जोडीदार वरच्या बेल्टचा आणि शांत माणूस मागा. दोन पांढरे बेल्ट, म्हणजे दोन नवशिके, एकमेकांसमोर हा सर्वांत धोक्याचा जोड. दोघांनाही थांबता येत नाही आणि दोघांनाही हरायचं नसतं. सुरू करण्याआधी तोंडाने ठरवा: 'हळू करूया, चेहऱ्याला नको.' कराटेत दातांसाठी माउथगार्ड घ्या, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा येतो तो पुरतो. हातापायांना पॅड.

जुडोत हात पिरगाळला जायला लागला की टॅप करा, म्हणजे 'सोड' हे कळवायला हाताने थोपटा. जोडीदाराच्या अंगावर, त्याला जाणवेल असं, दोनदा. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर किंवा तोंडाने ओरडून. दुखेपर्यंत थांबायचं नाही, कोपर सरळ झालं की टॅप. मोठ्या वयाच्या पुरुषांना टॅप करणं जड जातं, विशेषतः समोर विशीतला पोरगा किंवा बाई असेल तेव्हा. त्याची किंमत कोपर भरतं.

नको असेल त्या दिवशी 'सर, आज नको, गुडघा सांभाळतोय' म्हणा. हे ऐकून तोंड वाकडं करणारे सर असतील तर क्लास बदला.

## टप्पा १०: खंड पडला तर, आणि बेल्ट

गणपती, दिवाळी, लग्नसराई, मार्चअखेर. वर्षात चार-पाच वेळा खंड पडणारच. पंधरा दिवसांनी परत जाताना लाज वाटते, म्हणून पंधराचे तीस होतात. खंड पडणार हे माहीत असेल तर जाण्याआधीच सरांना परतायची तारीख सांगा. परत आल्यावर पहिला आठवडा निम्म्या वेगाने, जिथे सोडलं तिथून नाही. बहुतेकांचा धरलेला स्नायू दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारचा असतो.

पिवळ्या बेल्टची परीक्षा लवकरच जाहीर होईल, कदाचित तीनच महिन्यांनी. बसायलाच हवं असं नाही. फी किती, परीक्षेत नेमकं काय विचारणार, आणि मुलांबरोबरच उभं राहायचं का, हे तिन्ही प्रश्न आधी विचारा. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक 'हो' असेल. काता अडखळला तर थांबून पुन्हा पहिल्यापासून करायची परवानगी असते का, तेही विचारून ठेवा. क्लास किंवा शाखा बदलायचा विचार असेल तर परीक्षेची फी भरण्याआधी बदला, कारण एका संघटनेचा बेल्ट दुसरी मानेलच असं नाही.